लांब हाताची खुर्ची

आम्ही बाळकुमचे रहिवासी एका बाबतीत सुखी आहोत. लाकूडसामान घ्यायचे झाले तर आम्हांला मुंबईपर्यंत धाव घ्यावी लागत नाही. नाक्यावरून रिक्षा करायची, मेट्रोच्या खांबांखालून वाट काढीत खाडीवरचा पूल ओलांडायचा, की पलीकडे काशेली! भिवंडीकडे जाणाऱ्या त्या जुन्या आग्रा रस्त्यावर फर्निचरची दुकाने अशी दाटीवाटीने उभी आहेत की, एखाद्या राजाचा वाडा लुटून कुणी तो रस्त्याच्या कडेला मांडून ठेवला असावा, असे वाटते. मी तिथे वर्षातून तीनचार वेळा तरी जाते. विकत काहीच घेत नाही. दुकानदार आता मला ओळखतात. म्हणूनच चहा विचारीत नाहीत.

मराठी शिकवणाऱ्या बाईला सोफ्यांत आणि पलंगांत एवढी कसली गोडी, असा प्रश्न आमच्या ह्यांनी लग्नानंतर एकदाच विचारला होता. मला गोडी आहे ती वेड्यावाकड्या वस्तूंची. ज्या वस्तूकडे पाहून 'हे असे का बरे केले असेल?' असे मनात येते, तिच्यापुढून माझा पाय निघत नाही. काशेलीत अशा वस्तूंना तोटा नाही. शिंपल्यासारखा उघडलेला सोफा, मोटारीच्या आकाराचा लहान मुलाचा पलंग, दोन हत्तींनी सोंडेवर तोलून धरलेले काचेचे मेज. आणि या सर्वांचा मुकुटमणी म्हणजे लग्नाच्या व्यासपीठावरचे सिंहासन. पाठ सहासात फूट उंच, तांबडे मखमल, सोनेरी रंग, हातांवर सिंहांची तोंडे, माथ्यावर मुकुट. त्यावर बसलेल्या नवरीचे पाय जमिनीला टेकत नाहीत, हे मी निदान चार लग्नांत पाहिले आहे. बिचारी तासभर पाय लोंबकळत ठेवून आहेर घेत असते.

एका दुकानदाराला मी विचारले, "हे कुणी घरात ठेवायला नेतं का हो?"

"घरात कशाला, मॅडम? डेकोरेटरवाले नेतात. भाड्यानं जातं."

"बसायला कसं आहे?"

तो हसला. "बसायला नाही मॅडम, फोटोला आहे."

इतके प्रामाणिक उत्तर मला आमच्या परीक्षेच्या उत्तरपत्रिकांतही क्वचितच मिळते. मात्र त्या उत्तराने माझ्या मनात एक फाळणी झाली. विचित्र वस्तूंच्या दोन जाती असाव्यात. एक जात पाहणाऱ्यासाठी विचित्र होते. दुसरी वापरणाऱ्यामुळे विचित्र होते. पहिलीला गिऱ्हाईक कोण हे ठाऊक नसते, आणि दुसरीला ते नको इतके ठाऊक असते.

दुसरी जात आपल्याकडे जुनी आहे. मराठीत फर्निचरला धड शब्द नाही, हे कधी तुमच्या लक्षात आले आहे का? 'लाकूडसामान' म्हणावे तर त्यात घराच्या तुळयाही आल्या. शब्द नाही, कारण ती वस्तूच घरात फारशी नव्हती. आपली माणसे जमिनीवर बसत, जमिनीवर जेवत आणि बहुधा जमिनीवरच निजत. खुर्ची आली ती अरबी-फारसीतल्या 'कुर्सी'वरून. अलमारी पोर्तुगिजांबरोबर गलबतातून उतरली. 'दिवाण' आधी राजदरबारात होता, मग तो माणसाचा हुद्दा झाला, आणि शेवटी आमच्या बैठकीच्या खोलीत गादी पसरून आडवा पडला. 'कपाट' संस्कृत खरे. पण संस्कृतात कपाट म्हणजे दाराची फळी. आपले म्हणावे असे उरले पाट, चौरंग, बाज, झोपाळा, आणि भिंतीतला कोनाडा, जो वस्तू नसून वस्तूची गैरहजेरीच आहे.

सामान असे बेताचे असले की जे असते ते अंगाशी झटते. आपली विळीच पाहा ना. विळी हे आसन आहे की हत्यार? पाटावर बसून किंवा पायाने तो दाबून धरून समोर उभ्या राहिलेल्या पात्यावर भाजी चिरायची; सुरी स्थिर आणि भाजी हलती. पात्याच्या टोकाला खवणीचे दात, म्हणजे नारळाचीही सोय त्याच बैठकीत झाली. एखाद्या परक्या देशातल्या माणसाला ही वस्तू दाखवा. आपल्या आज्या स्वयंपाक करीत की तलवारबाजी, असा त्याला प्रश्न पडेल. आपल्याला मात्र त्यात काहीच विचित्र दिसत नाही. कारण विळीचा आकार ज्या बैठकीतून आला ती बैठक आपल्या ओळखीची आहे. उभ्याचे ओटे आले, विळ्या माळ्यावर गेल्या, आणि आता आमच्या मुलीलाही ती वस्तू विचित्रच वाटते.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जोगेश्वरीला सापडलेला एक लामणदिवा आहे. साखळीला टांगलेला हत्ती, त्यावर बसलेली माणसे, साखळीच्या कड्यांतही मूर्ती. पहिल्या नजरेला वाटते, कारागिराला हौस आली आणि त्याने दिव्याचे खेळणे करून टाकले. पण हत्तीचे पोट पोकळ आहे, आणि त्या पोटात तेल भरायचे आहे. दिव्यातले तेल पुरेसे वर असले की तेल बाहेर पडण्याची वाट त्याच तेलात बुडलेली राहते. आत हवा शिरत नाही, म्हणून पोटातले तेल खाली येत नाही. वात जळते, तेल उतरते, वाट उघडी पडते, हवा आत जाते, आणि हत्ती तेवढे तेल पुन्हा सोडतो. रात्री उठून दिव्यात तेल घालण्याचे काम कुणा बाईच्या मागचे टळावे, एवढ्यासाठी हत्ती! आता हत्तीच का, घडा का नाही? घड्यानेही काम झाले असते. पण तेल पोटात साठवून बेताबेताने सोडणारा प्राणी म्हणून हत्ती सुचणे, हा त्या कारागिराचा विनोद आहे, आणि तो विनोद कामाच्या आड येत नाही. काशेलीतले ते सोंडेवर काच तोलणारे हत्ती मला आठवतात. त्यांच्या पोटात काही नाही.

अशा विनोदांचे मोठे भांडार पाहायचे असेल तर पुण्यात बाजीराव रस्त्याजवळच्या नातूबागेत राजा दिनकर केळकर संग्रहालयात जावे. माझ्या विद्यार्थ्यांना मी तिथे दोनदा नेले. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर केळकरांनी (१८९६ ते १९९०) हा संग्रह उभा केला. राजेरजवाड्यांची रत्ने त्यांना नको होती. त्यांनी गावोगाव हिंडून, पुष्कळदा पदरमोड करून, जमवले ते दिवे, दौती, फण्या, पानाचे डबे, कोरीव दारे, स्वयंपाकाची भांडी. घरच्या कमलाबाईंनी त्यांना साथ दिली. अशा वेडात साथ देणे म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात एखादा जमवाजमव करणारा प्राणी आहे त्यांनाच कळेल. वीस हजारांवर वस्तू झाल्या, आणि केळकरांनी त्या सगळ्या महाराष्ट्र शासनाला देऊन टाकल्या. संग्रहाला स्वतःचे नाव न देता त्यांनी लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाचे, राजाचे, नाव दिले.

तिथले अडकित्ते पाहताना आमची मुले मोठमोठ्याने हसत होती. सुपारी कातरायला दोन पाती आणि दोन दांडे पुरतात. पण इथे दांडे म्हणजे नवराबायको. मिटले की आलिंगन. कुठे घोडा, कुठे पोपट. त्याहून मला आवडतात त्या वज्र्या. टाचा घासायची ती वस्तू. खालून खरखरीत, आणि वर धरायच्या मुठीच्या जागी पक्षी नाहीतर प्राणी. न्हाणीघरात, जिथे दुसरे कुणी पाहायला नाही, तिथे टाच घासण्यासाठी हातात पक्षी! हा पक्षी कुणाला दाखवण्यासाठी नव्हता. ज्या बाईच्या मुठीत तो बसणार होता तिच्यासाठीच फक्त होता. मुठीच्या सततच्या घासण्याने काही पक्ष्यांची नक्षी गुळगुळीत होऊन गेली आहे. काचेमागे तो झिजलेला पक्षी पाहिला की बरे वाटते आणि वाईटही वाटते. केळकरांनी तो वाचवला, आणि आता त्याला कुणी हात लावणार नाही.

एक गोष्ट मात्र आपल्या लोकांच्या बाजूने फार बोलण्यापूर्वी सांगितली पाहिजे. फोटोचे सिंहासन हा काही काशेलीचा शोध नव्हे. एकोणिसाव्या शतकात मुंबईत शिसवीचे कोरीव फर्निचर होई. 'बॉम्बे ब्लॅकवुड' या नावाने जुन्या सामानाच्या बाजारात ते अजून ओळखले जाते. घाट साहेबाच्या दिवाणखान्याचा आणि नक्षी इकडच्या हातांची. वेली, पाने, पशुपक्षी, पंजांचे पाय, आणि सगळे जाळीदार. हात थक्क करणारा आहे. पण तसल्या एका कोचावर मी एका ओळखीच्या बंगल्यात अर्धा तास बसले आहे. पाठीला एक फळ रुतत होते आणि खांद्याला एक पोपट. टेकावे तर नक्षी बोचते, न टेकावे तर यजमानांना वाटते बाई रागावली आहे. ज्याने ते कोरले त्याने त्यावर कधी पाठ टेकली नसणार; आणि ज्याने घेतले त्याने पाहुण्यांना टेकायला लावले असणार. म्हणजे जुने तेवढे चांगले, असे माझे म्हणणे नाही. शिसवीचा तो कोच आणि सोनेरी सिंहासन ही एकाच घराण्यातली मंडळी आहेत. एक गरीब झाले आहे इतकेच.

याच्या उलट, आज जिच्यात कुणालाच काही विशेष दिसत नाही अशी एक खुर्ची घ्या. इराण्याच्या हॉटेलातली, वाकवलेल्या गोल लाकडाची, पाठीत कमान आणि कमानीत दुसरी कमान असलेली. आमच्या वडिलांच्या पिढीने त्या खुर्चीवर बसून बनमस्का खाल्ला आणि देशाचे राजकारण चालवले. ही खुर्ची मूळची व्हिएन्नाची. ऱ्हाइनकाठच्या बोपार्ड गावचा मिखाएल थोनेट नावाचा सुतार तिथे गेला आणि १८५९ साली त्याने ही चौदा नंबरची खुर्ची काढली. बीचचे लाकूड वाफेवर मऊ करायचे आणि साच्यात वाकवायचे. पण लाकूड वाकवले की बाहेरची बाजू ताणली जाऊन तडकते. थोनेटने बाहेरच्या बाजूला लोखंडी पट्टी घट्ट आवळली. मग ताणायला जागाच उरली नाही, लाकूड आतल्या बाजूने दाबले गेले आणि निमूट वाकले. लाकडाचे सहा तुकडे, दहा स्क्रू, दोन नट, खलास. सुट्या केलेल्या छत्तीस खुर्च्या एक मीटर लांब-रुंद-उंच खोक्यात मावत. अशाच तऱ्हेने त्या बोटीने जगभर गेल्या. ज्या काळात खुर्चीला सिंहाचे पंजे असत त्या काळात ही काटकुळी, नक्षी नसलेली वस्तू लोकांना किती विचित्र वाटली असेल! तिचा विचित्रपणा वापरून वापरून झिजला, वज्रीवरच्या पक्ष्यासारखा.

थोनेटची खुर्ची कुणाच्याही मापाची आहे, हा तिचा गुण. आता मी जिच्याबद्दल सांगणार आहे ती खुर्ची जगात एकाच माणसाच्या मापाची होती.

कल्याणला पारनाक्याजवळ आमचे वडिलोपार्जित घर होते. 'होते' म्हणते, कारण गेल्या पावसाळ्याआधी ते पाडले. तिथे आता सात मजली इमारत उठते आहे. त्या घराच्या माडीवर माझ्या आजोबांची खुर्ची होती. आजोबा लहानपणी आंब्यावरून पडले. उजवा गुडघा जो ताठ झाला तो कायमचा, पाय वाकेचना. पुढे ते मुंबईत एका कचेरीत नोकरीला लागले आणि तीस वर्षे रोज कल्याणहून लोकलने गेले, बहुतेक वेळ उभ्याने. जागा मिळाली तरी बसत नसत. बसले की पाय समोरच्या बाकापर्यंत जाई आणि येणारेजाणारे अडखळत. अशा माणसाला घरी आल्यावर बसणे म्हणजे काय चैन असेल, याची कल्पना करा.

१९५४ साली त्यांनी ही खुर्ची करवून घेतली. आळीतल्याच एका सुताराने केली. घरात सगळे त्याला सुतारमामा म्हणत. आजोबांना त्याने एका रविवारी सकाळपासून पाटांच्या उतरंडीवर बसवून ठेवले होते. एक पाट काढी, एक घाली, सुतळीने मापे घेई, विडी ओढी आणि पुन्हा मापे घेई. आरामखुर्ची आपल्याला ठाऊक आहे. तिचे दोन्ही हात लांब असतात, आणि त्यांवर दोन्ही पाय टाकून माणूस दुपारी पेपर तोंडावर घेतो. ही खुर्ची त्याच कुळातली, पण हिचा उजवा हातच तेवढा लांब. डावा साध्या खुर्चीसारखा. लांब हात बैठकीच्या जवळजवळ बरोबरीला उतरवलेला, आणि पोटरी नीट बसावी म्हणून वरून पन्हळीसारखा किंचित खोल केलेला. त्याच्या टोकाला पोपटाची मान. पोपट मागे वळून पाहतो आहे; म्हणजे आजोबांच्या तळपायाकडे पाहतो आहे. लहानपणी आम्हांला ती नुसती गंमत वाटे. वळलेल्या मानेच्या बाकात टाच अडते, पाय घसरत नाही, हे मला कळले तेव्हा मी स्वतः नोकरी करीत होते. डाव्या हातावर पेल्यासाठी गोल खाच, बैठकीखाली अडकित्त्याचा खण. सांगायचे म्हणजे, त्या खुर्चीवर दुसऱ्या कुणालाच धड बसता येत नसे. साधा माणूस बसला की एक पाय जमिनीवर आणि एक पोपटावर, अशी त्याची चमत्कारिक अवस्था होई. आम्ही पोरे त्या लांब हाताचा घोडा करीत असू.

आजोबा १९८९ साली गेले. खुर्ची माडीवरच राहिली. तिच्यावर वाळलेले कपडे पडत.

घर पाडायचे ठरले तेव्हा जुन्या सामानाचा एक दलाल आला. त्याने तुळया पाहिल्या, दारे पाहिली, आणि खुर्चीपाशी थांबला. सागवान चांगले आहे म्हणाला. भाव सांगितला तो खरोखरी बरा होता. मग म्हणाला, "फक्त हा हात कापावा लागेल. डाव्याएवढा केला की पीस मस्त होतो. पोपट वेगळा जाईल. भिंतीवर लावायला घेतात लोक."

मी काही बोलायच्या आत काकू म्हणाली, "काप बाबा, काप."

ही काकू १९७९ साली त्या घरात आली. आजोबांच्या शेवटच्या दहा वर्षांत त्यांचे सगळे तिनेच केले. तिच्या तोंडून हे ऐकून मी चकित झाले. मी म्हणाले, "काकू, अगं आजोबांची खुर्ची आहे ती!"

"ठाऊक आहे कुणाची आहे ते," काकू म्हणाली. "तू वर्षातून दोनदा यायचीस आणि घोडा घोडा खेळायचीस. मी पंचेचाळीस वर्षं केर काढला त्या माडीवर. ही बघ." तिने साडीचा काठ जरा वर केला. नडगीवर बोटभर लांबीचा जुना, काळपट वण होता. "असे किती झाले आणि गेले. मामंजींच्या पायाची सोय झाली, पण माझ्या पायाचं माप कुणी घेतलं होतं?"

मला उत्तर सुचले नाही. अजूनही सुचलेले नाही. एकाच माणसासाठी केलेली वस्तू बाकीच्यांच्या वाटेत येते, ही गोष्ट संग्रहालयात कळत नाही. तिथे दोरी बांधलेली असते आणि आपण दोरीच्या अलीकडून जातो. त्या नवराबायकोच्या अडकित्त्याने किती जणींची बोटे चेमटली असतील, हे काचेवरच्या चिठ्ठीत कुठे लिहिले आहे?

मग काकूच जरा वेळाने म्हणाली, "तसं त्यांनाही कळत होतं हो. रात्री निजायला जाताना त्या पोपटाच्या मानेला पांढरा रुमाल बांधून ठेवायचे. अंधारात दिसावा म्हणून."

"मग?"

"मग काय! तो रुमालही मीच धुवायचे."

शेवटी ठरले ते असे. दलालाने जो आकडा सांगितला होता तोच मी माझ्या चुलतभावाच्या हातावर ठेवला. भावाबहिणीत व्यवहार चोख असावा. खुर्ची न कापता बाळकुमला यायची. काकूने हरकत घेतली नाही, फक्त "तुझ्या घरात जागा आहे का?" एवढेच विचारले.

जागा नव्हतीच. आमची इमारत बाविसाव्या मजल्यापर्यंत जाते, पण तिच्या लिफ्टमध्ये पोपट मावेना. आमच्या ह्यांनी लिफ्टचे माप घेतले, तिरके घेतले, उभे घेतले, रखवालदाराशी चर्चा केली, आणि अखेर जाहीर केले की खुर्ची सुटी करावी लागेल. जिन्याने चौदा मजले चढवायला टेम्पोवाला तयार नव्हता. आणि त्याचे काही चुकत नव्हते.

काशेलीहून एक कारागीर बोलावला. मूळचा उत्तर प्रदेशातला, वय तिशीच्या आतबाहेर, दिवसभर त्या शिंपल्यांच्या आणि सिंहासनांच्या चौकटी ठोकणारा. त्याने हत्यारांची पिशवी उघडली, खुर्ची आडवी केली आणि स्क्रू शोधायला लागला. एकही सापडेना. मग खिळे शोधले, तेही नाहीत. सगळे सांधे खाचेत खाच बसवून केलेले, आणि त्यांतून आरपार लाकडी खुंट्या. तळमजल्यावर मोटारी ठेवतात तिथे तो त्या खुर्चीभोवती तीनदा फिरला. खुंट्यांवर बोट फिरवून पाहिले. मग हळूच म्हणाला, "फुरसत से बनाया है किसी ने." त्याच्या आवाजात कौतुक होते की तक्रार, ते मला ओळखता आले नाही. त्याला दिवसाला दोन चौकटी पुऱ्या कराव्या लागतात, हे त्यानेच मग सांगितले.

खुंट्या एकेक करून बाहेर आल्या. लांब हात निघाला. बैठकीची फळी उलटी केली तेव्हा तिच्या खालच्या अंगाला पेन्सिलीने लिहिलेले दिसले. सत्तर वर्षे तिकडे कुणाची नजर गेली नव्हती. मोडक्या, जाड अक्षरात दोन ओळी होत्या: 'डा. १७' आणि खाली 'उ. ४१॥'. इंचांत. डाव्या पायाचे माप गुडघ्यापासून जमिनीपर्यंत. उजव्याचे थेट पाठीपासून टाचेपर्यंत, आणि वर ते अर्ध्याचे दोन दंड. साडेएकेचाळीस म्हणजे साडेएकेचाळीस, बेचाळीस नव्हेत.

त्या कारागिराला मराठी आकडे वाचता आले. त्याने टेप काढून लांब हात मोजला, पोपटाच्या मानेपर्यंत. बरोबर आला. मग त्याने विचारले, "मॅडम, इसपे बैठेगा कौन?"

आमच्या घरात कुणाचाही पाय ताठ नाही. देव करो आणि तसाच राहो. मी म्हणाले, बघू.

खुर्ची आता घरी आहे. पाच तुकड्यांत, निजायच्या खोलीच्या दाराआड, चादरीत गुंडाळलेली. जोडायला तो कारागीर दिवाळीनंतर येणार आहे. सध्या लग्नसराईच्या सिंहासनांचे काम जोरात आहे आणि त्याला मान वर करायला वेळ नाही. दरम्यान आमच्या ह्यांनी बैठकीच्या खोलीत ती कुठे बसेल याचा हिशेब केला आणि लादीवर खडूने तिचा आकार काढून ठेवला; चार पाय, बैठक, आणि दारातून गॅलरीकडे जायच्या वाटेत बाहेर आलेला तो लांब हात. टोकाला पोपटही काढला आहे, तो बदकासारखा झाला आहे. मुलगी त्या रेघांवरून उड्या मारीत गॅलरीत जाते. काम करणाऱ्या बाईंनी दोनदा पुसला, ह्यांनी दोनदा पुन्हा काढला.

गेल्या रविवारी काकू जेवायला आली होती. नव्या इमारतीत जागा मिळेपर्यंत ती भाड्याच्या घरात राहते. जेवण झाल्यावर वारा घ्यायला म्हणून गॅलरीकडे निघाली. हातात पानाचा डबा, तोंडाने माझ्याशी बोलणे चालू, खाली नजर नव्हतीच. खडूच्या रेघेपाशी आली आणि बोलता बोलताच तिने डावा पाय जरासा उचलून, कुठेही न लागता, पोपटाला वळसा घातला.